उठून उभे न राहणारे काका

परदेशातल्या आमच्या गुंगालिन उपनगराच्या मराठी मंडळात काका एकटेच असे, की कोणीही आलं तरी खुर्चीवरून उठत नसत. अध्यक्ष येवोत, ऐंशीचे आजोबा येवोत, काका बसल्या जागी हात जोडत. "गुडघे ठणठणीत आहेत हं माझे," असं वर स्वतःहून सांगत. आम्ही त्यांना शिष्ट ठरवून मोकळे झालो होतो.

एरवी माणूस लाघवी. लाइट रेलच्या थांब्यावर कुणी विद्यार्थी कुडकुडताना दिसला की स्वतःचे हातमोजे काढून देत. निवृत्तीआधी ते युरोपातल्या एका आंतरराष्ट्रीय न्यायालयात ध्वनियंत्रणा सांभाळत. युद्धात गावंच्या गावं मारणाऱ्या सेनापतींवर तिथे खटले चालत. विचारलं की म्हणत, "माईक चालू, माईक बंद. बाकी काही विचारू नकोस."

मंडळाची सेक्रेटरी मी. मला दर महिन्याला एक वक्ता लागायचाच. "काका, बोला ना, एकदम इन्स्पायरिंग होईल," म्हणत मी त्यांचा पिच्छा पुरवला.

"तसलं काही होणार नाही," ते म्हणाले, "पण बोलतो."

ते बसूनच बोलले. न्यायालयात एकदा मधल्या सुट्टीनंतर आरोपी सेनापतीला आत आणलं. पांढरे केस, हातात काठी. वयस्कर माणूस दारात दिसला की उठायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. काका उठले. साक्षीला बसलेल्या बाईने ते पाहिलं. तिचा नवरा आणि मुलगे याच माणसाच्या हुकमाने मारले गेले होते. ती काहीतरी बोलली आणि दुभाष्याचा आवाज काकांच्या हेडफोनमध्ये आला : "इथेही त्याच्यासाठी उठतात." ती साक्ष न देताच निघून गेली. तिच्या गावातून वाचलेली ती एकटीच होती.

"त्याला शिक्षा झाली, पण दुसऱ्या गावांसाठी," काका म्हणाले. "तिच्या गावाचं नाव निकालपत्रात नाही. मला लाज वाटते. एवढंच सांगायचं होतं."

आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. भाषण संपलं की वाजवायच्या, म्हणून. मी तर आभार मानून बटाटेवडे गरम असल्याचंही सांगून टाकलं. काका माझ्याकडे बघत होते. रागाने नाही; माझ्यात स्वतःचीच ओळख पटल्यासारखे. मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे ते लेकीकडे पर्थला गेले आणि तिथेच वारले. त्या बाईचं गाव कोणतं, हे आमच्यापैकी कुणीही त्यांना विचारलं नव्हतं.