आटपाडीतला नेचा

माझं माहेर मेढ्याकडचं, डोंगरातलं. आमच्या परसात फणसाच्या सावलीला नेचा होता. ओढ्याच्या काठावरून आईनेच तो आणून लावलेला. त्याच्या पानामागे तपकिरी ठिपके असायचे. त्यातच त्याचं बी, असं आई सांगायची. आम्ही बहिणी मात्र रोग पडला म्हणून ते नखाने खरवडायचो आणि पाठीत धपाटा खायचो. अजूनही कुठे ओल्या पाचोळ्याचा वास आला की मला ते परस आठवतं आणि जीव कासावीस होतो.

लग्न होऊन मी आटपाडीला आले. मेंढरं राखणारं घर, आता शेतीही करणारं. ऊन म्हणजे काय ते मला इथे कळलं.

परवापरवा आई गेली. भावाने गाडी लावायला परसात फरशी घालायचं ठरवलं. त्याला दोष देत नाही, गाडी काय डोक्यावर ठेवणार? फरशीच्या आधी मी जाऊन नेच्याचा एक गड्डा खणला, ओल्या पोत्यात गुंडाळला आणि एसटीने घेऊन आले. आईचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

"आगं, हितं बाभळ तग धरंना, आन् ह्यो जगंल व्हय?" नवरा हसला. मग तर मी हट्टालाच पेटले. मोरीच्या भिंतीमागे, उत्तरेला, ऊन पोचत नाही. तिथे कुजलेला पाला भरला आणि गड्ड्याचं डोकं मातीवर राहील असं बेताने लावलं. आमच्या घरात पाणी एकदाच वापरणं म्हणजे उधळपट्टी. त्यामुळे तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी नेच्याच्या वाट्याला आलं. "ना फूल, ना फळ," म्हणत आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, नाक मुरडलं. पण नेच्याने जीव धरला.

मग लेकीच्या बाळंतपणासाठी मी सांगलीला गेले. परत येऊन बघते तर सगळी पानं करपलेली, आणि बुडाशी मेंढरांच्या ताज्या लेंड्यांचा ढीग.

"ह्ये कुणी घातलं?"

"मीच की," आत्ती कौतुकाने म्हणाल्या. "म्हटलं, तू येस्तवर झाड जोमात येऊ दे. लेंडीसाठनं लोकं आपल्या रानात मेंढरं बसवा म्हणून मागं लागत्यात गं."

खरंच होतं. त्यांच्या लेखी याहून मोठी भेट नव्हती. पण ज्वारीला जे अमृत, त्याने नेच्याची नाजूक मुळं जाळली होती. माझं डोकं तापलं, पण त्यांच्या त्या हसऱ्या तोंडाकडे बघून मी हळूच म्हटलं,

"आवं आत्ती, माझ्या आयचं तेवढंच ऱ्हायलं हुतं."

त्यांनी वाकून सगळ्या लेंड्या वेचल्या, वरची माती खरवडून काढली, नवा पाला घातला. त्या दिवसापासून आपल्या आंघोळीच्या पाण्यातला एक तांब्या त्या आधी तिथे ओतू लागल्या. टँकरची वाट बघायचे दिवस आले तरी तो तांब्या चुकला नाही. मी मात्र आशा सोडली. मोरीमागे जायचंच बंद केलं.

एका सकाळी मी भाकरी थापत होते. बाहेरून हाक आली, "आगं, हिकडं ये बिगीबिगी!"

पिठाच्या हाताने धावले. आत्ती गड्ड्यापाशी उकिडव्या बसल्या होत्या. काळ्या पडलेल्या त्या गड्ड्यातून एक कोवळा कोंब वर आला होता, अंगभर बारीक लव, डोकं आत वळलेलं.

"जगलं गं तुझ्या आयचं झाड," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या शेजारी बसले. आई गेली तेव्हा पाहुण्यारावळ्यांच्या चहापाण्यात रडायचं राहून गेलं होतं, ते सगळं आता आलं. आत्ती पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग खांद्याला धरून त्यांनी मला हळूच कोंबाकडे सरकवलं.

"रड, पोटभर रड," त्या म्हणाल्या. "पर हितं वाकून रड. तेवढीच वल ऱ्हाईल."