शनिवारच्या गोळ्या

आबांना रक्ताचा कर्करोग निघाला तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. सांगलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नेहमीची जड केमो या वयात झेपायची नाही. वयस्कर माणसांना दोन औषधं एकत्र देऊन बघायची एक चाचणी चालू होती, तिच्यात त्यांनी आबांना घेतलं. महिन्यातून सात दिवस इंजेक्शन आणि रोज सकाळी गोळ्या, त्याही खाऊनच. उपाशीपोटी त्या अंगी लागत नाहीत. संमतीचा जाडजूड फॉर्म मी आबांना ओळ न् ओळ समजावून सांगितला. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. त्या दिवशी त्या शिक्षणाचं चीज झालं, हे मी छाती काढून सांगते.

मी साताऱ्याला नोकरीला, आई-आबा विट्याजवळ गावी. एरवी रविवारी जायची, ती एकदा शनिवारी गेले. आबा कोऱ्या चहाबरोबर गोळ्या घेत होते. मारुतीचा शनिवार, संध्याकाळपर्यंत पोटात काही नाही. गोळीबरोबर काय खाल्लं ते रोज लिहायला दवाखान्यानं वही दिलेली, तिच्यात मात्र 'भाकरी, भाजी' लिहिलेलं. मागच्या सगळ्या शनिवारी तेच.

"आबा, उपाशी हाय तुमी. हे काय लिवलंय?"

"रकाना मोकळा सोडायचा नसतो. पलटणीत तसंच शिकलोय."

"मग खरं लिवायचं."

"खरं लिवलं तर बाई जेवायला लावतील की."

आई दारातून म्हणाली, "आता उकरू नगंस. त्यांनी चाचणीतनं नाव काढून टाकलं तर दुसरं औषध कुठनं आणायचं?"

सोमवारी सांगलीत नर्सनं उरलेल्या गोळ्या मोजल्या, बरोबर भरल्या. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. मी बाईंना सांगून टाकलं. आबांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी नजर खाली घातली. मग ते उठून ताठ उभे राहिले.

"चूक माझी हाय, बाई. पोरीला बोलू नगा."

बाई वरिष्ठांना विचारायला गेल्या. आम्ही तिघं बाहेर बाकावर बसलो. परत आल्या आणि म्हणाल्या, "आबा, नाव राहतंय. बरं झालं सांगितलंत. नाहीतर गुण आला नसता, तर आम्ही औषधालाच दोष दिला असता. आता शनिवारी सकाळी खायचं."

"मारुतीला काय सांगू?"

"लक्ष्मणाच्या औषधासाठी डोंगर उचलून आणला त्यानं," आई म्हणाली. "तुमच्या भाकरीवर रुसतोय व्हय?"

बाईसुद्धा हसल्या.

पुढच्या तपासणीत वाईट पेशी खूप कमी झालेल्या दिसल्या. आजार गेला असं समजू नका, बाईंनी बजावलं. नाहीच समजत. पण आबा आज ऊस बघून येतात, आल्यावर आईशी भांडतात. आमच्या आधी चाचण्यांत हीच औषधं कुणीकुणी घेतली, काय काय सोसलं, मला माहीत नाही. त्यांची नावं कळली असती, तर दारात जाऊन पाया पडले असते.