अमेरिकेतली गायिका आणि आमचा कोरडा नळ

भाईंदरच्या जेसल पार्कात राहायला आल्यावर मी दोनच गोष्टींवर जीव टाकून होते: पाण्याचा टँकर आणि एका अमेरिकन गायिकेची कॅसेट. धुणी धुणाऱ्या आईची ही काळी लेक. हातात गिटार, गळ्यात ब्लूज. हक्कांच्या मोर्चात गायली म्हणून तुरुंगात गेली, रेडिओवाल्यांनी वाळीत टाकलं, तरी म्हातारपणीही बाई दौरे काढत होती. तिची एक खोड मला फार आवडायची. ओळीचा शेवटचा शब्द ती स्वतः गायचीच नाही. थांबायची, आणि समोरची गर्दी तो म्हणायची. नाव मात्र विचारू नका. आमच्यात नाव उखाण्यातच घेतात.

भाईंदरला नगरपालिकेची महापालिका झाली, पण आमच्या बिल्डिंगचा नळ कोरडाच राहिला. शेवटी आम्ही बायका हंडे घेऊन महापालिकेच्या दारात बसलो. पाण्याचे साहेब वरच्या मजल्यावरून खाली उतरेनात. दुपारपर्यंत निम्म्या बायका स्वयंपाकाच्या काळजीने चुळबुळू लागल्या. त्या उठल्या असत्या तर पुन्हा जमल्या नसत्या. मी घाईघाईने कॅसेटमधल्या त्या बाईचं गाणं मराठीत म्हटलं. 'मुक्ती', 'पहाट', सगळं घातलं. शेवटच्या शब्दाला थांबले, तर कोणी तोंड उघडेना. मला रडू यायचं बाकी होतं.

शेजारच्या रत्नागिरीच्या काकू म्हणाल्या, "अगो, हे कोण गाणार? उखाणा घे."

आणि त्यांनीच घेतला. "लग्न होऊन आले तेव्हा होते मी राणी, भाईंदरात नशिबी आलं टँकरचं…" काकू थांबल्या.

"पाणी!" अख्खं आवार म्हणालं.

मग काय, एकीचा संपतोय तोवर दुसरीचा तयार. स्वयंपाक गेला चुलीत. गोंगाट ऐकून साहेब खाली आले आणि हात जोडून शांत राहा म्हणू लागले. काकू त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"साहेबांची केबिन थंड, गोड त्यांची वाणी, आता तरी सोडा आमच्या नळाला…"

आम्ही सगळ्या मुद्दाम गप्प बसलो. मराठी माणूस अर्धा उखाणा किती वेळ सहन करणार?

"पाणी," साहेब म्हणाले.

शब्द दिला तो त्यांना पाळावा लागला. नळ आला त्या सकाळी मी कॅसेट मोठ्याने लावली. बाई नेहमीसारखी शेवटच्या शब्दाआधी थांबली, आणि शेजारच्या मोरीतून, भरत्या बादलीच्या आवाजावर, काकूंनी तिची ओळ पुरी केली:

"पाणी!"