महालक्ष्मीचा वळलेला पाय

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, थोरली आणि धाकटी, दोघी बहिणी. दारापासून देवघरापर्यंत त्यांची पावलं काढायची: मूठ तांदळाच्या ओल्या पिठात बुडवून फरशीवर टेकवायची, वर बोटाने पाच ठिपके. हे काम माझ्या धाकट्या बहिणीचं. लहानपणीच्या पोलिओने तिचा एक पाय आत वळला होता, चालताना घासायचा. ती बसल्या बसल्या सरकायची आणि पावलं उमटवत जायची.

एका वर्षी बघते तर काय, प्रत्येक जोडीतलं एक पाऊल आत वळलेलं. मी तेव्हा नुकतीच चित्रकलेची शिक्षिका झालेली. शहाणपण नुसतं उतू जात होतं. सौंदर्य म्हणजे प्रमाण, आणि ते कळतं फक्त मला. ओलं फडकं घेतलं आणि सगळी पावलं पुसली.

"ताई, काहून पुसलं वं?"

"देवी कुठे लंगडत येते का?"

"मी झाली तं लक्ष्मी आली म्हणे आई. मग?"

मी त्याच जागी सरळ पावलं काढली. आईने ते फडकं धुऊन वाळत टाकलं. बहिणीने त्यानंतर कधी पिठाला हात लावला नाही.

तिला जाऊन चार वर्षं झाली. मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये आता आई आणि मी. जिन्यात कोणाचं पाऊल घासत आलं की मी अजून दार उघडून बघते. तिचे फोटो आहेत, पण सगळे तिला खुर्चीवर बसवून, साडी पायावर ओढून काढलेले. तो पाय होता तसा एकदाच उतरला, त्या फरशीवर, तिच्याच हातून. मला तो हवाय. फार हवाय.

यंदा ठरवलं, तिची पावलं आपण काढायची. तीस वर्षं पोरांना सांगतेय, दिसतं तसं काढा. मग मला एक पाऊल जमू नये? मूठ वळवून वळवून टेकवली. लांबून पाहिलं. अगदी तिचीच. खोटं कशाला बोलू, रडलेच. आईला हाक मारली.

आई भिंत धरत आली. पावलांवर वाकली.

"डावा होता वं तिचा," ती म्हणाली. "तू उजवा वळवला."

तो पाय रोज तेल लावून आईने चोळला होता. मी जन्मभर त्याच्यावरून नजर चोरली होती.

मी फडकं उचललं.

"आता पुसू नको," आई म्हणाली.