दुसऱ्या अंकातला थांबा

माझा मोठा भाऊ देऊळघाटला हौशी नाटकांत कामं करायचा. तो गेल्यावर, मी ज्या कलासमीक्षेच्या संकेतस्थळासाठी लिहितो, तिथे त्याच्यावर मृत्युलेख द्यायचं ठरलं. मला तो लिहिता येईना, कारण समीक्षकाने नातेवाइकावर लिहू नये, हा नियम मीच हट्टाने करून घेतला होता.

लेख पुण्याच्या एका समीक्षकाने लिहिला. त्याने भावाला कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मोबाइलवर घेतलेलं एका प्रयोगाचं चित्रण मीच त्याला पाठवलं. त्यात दुसऱ्या अंकात भाऊ बोलता बोलता बराच वेळ थांबतो. समीक्षकाला त्या थांबण्यात ग्रामीण पुरुषाचं मुकं दुःख दिसलं.

मी लेख वहिनीला वाचून दाखवला. प्रत्येक प्रयोगात विंगेत वही घेऊन तीच भावाला वाक्यं पुरवायची.

"दुःख कायचं, भाऊजी? त्याईले वाक्य आठवत नव्हतं. अन् मायी दोन पानं चिकटली होती."

"राहू द्या ना वहिनी. चांगलंच लिहिलं त्यानं."

"काऊन राहू द्यायचं? मी सांगो तवा ते बोलत. लेखात माया पत्ताच नाही."

तिचं खरं होतं. मी दुरुस्ती पाठवली. संपादकांचं नम्र उत्तर आलं: पत्नीची साक्ष चालणार नाही, नात्याबाहेरचा साक्षीदार हवा. सोबत माझाच नियम जोडला होता.

वहिनी अजून विचारते, "बदललं का हो?" मी म्हणतो, संपादक पाहून राह्यले.