सरजाबाईचा हात

नांदेडहून लोह्याकडं निघालं की रस्त्याला लागूनच लिंबाजी मिस्त्रीचं डेंटिंगचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे वर चार पत्रे, शेजारी एक बाभूळ आणि बाभळीला टांगलेले लोखंडी क्लॅम्प. गंजून चाळण झालेली गाडी लिंबाजीच्या हाताखालून गेली की धडधाकट होऊन निघते, असं लोक म्हणतात. ते खरंही आहे. फक्त त्यातले निम्मे हात लिंबाजीचे नव्हते, हे लोक सोयीनं विसरतात. लिंबाजी विसरलेला नाही, आणि त्याचं सगळं दुखणं तिथंच आहे.

हे क्लॅम्प नंतरचे. त्याआधी पत्रा धरायला त्याची बायको होती, सरजाबाई. गाडीचा गंजलेला भाग कापून काढायचा, त्या मापाचं नव्या पत्र्याचं ठिगळ तिथं बसवायचं, ते हलू न देता धरून ठेवायचं आणि मग कडेकडेनं वेल्डिंगचे टाके मारायचे. धरून ठेवणं ऐकायला सोपं वाटतं. ज्याला तसं वाटतं त्यानं भर उन्हाळ्यात जीपच्या दारापाशी उकिडवं बसून, ठिणग्या अंगावर घेत पत्रा धरून दाखवावा. सरजाबाई जुन्या गोधडीच्या चिंध्या हाताला गुंडाळून बसायची. तोंडापुढं धरायची काळी काच एकच होती आणि ती लिंबाजीकडं. धरणाऱ्याला बघायचं काय काम, असा त्याचा हिशेब. ठिणगी पाडण्याआधी तो म्हणायचा, "मीट." ती डोळे गच्च मिटायची. मिटल्या डोळ्यांनीच तिच्या बोटांना कळायचं. "थांबा, सरकलं," असं ती म्हणाली की लिंबाजी थांबायचा, आणि पत्रा खरोखर सरकलेला असायचा.

तिचा शब्द कधी खोटा ठरला नाही. खोटं बोलला तो लिंबाजी.

जळकोटकडचे शेषेराव, चांगले बागायतदार, आपली जीप घेऊन आले होते. दाराखालचा पत्रा पार गेला होता आणि त्यांना लगोलग एक लग्न गाठायचं होतं. कामाची रीत अशी, की एक टाका इथं मारायचा, दुसरा लांब तिथं, आणि मधे पत्रा निवू द्यायचा. पण शेषेराव डोक्यावर उभे राहून "झालं का, झालं का" करत होते. गिऱ्हाईक मोठं, नाराज कसं करायचं? लिंबाजीनं एका दमात सलग वेल्डिंग ओढलं.

"लई तापून राहिलंय, निवू द्या जरा," सरजाबाई डोळे मिटूनच म्हणाली.

त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पत्रा तापला, ओढला गेला, वाकला. दार लागेना.

"हे काय केलंस रे मिस्त्री?" शेषेराव म्हणाले.

काय झालंय ते लिंबाजीला समोर दिसत होतं. तरी त्याच्या तोंडून निघालं, "बाईचा हात सरकला, मालक."

शेषेराव खदाखदा हसले. "बाईच्या हाताला पत्रा धरवतंय व्हय!"

सरजाबाईनं हाताच्या चिंध्या सोडल्या, त्यांची नीट घडी घातली आणि घरची वाट धरली. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, कारण भांडणात लिंबाजी हटकून हरायचा आणि हरता हरता खरं बोलून जायचा. दुसऱ्या दिवशी ती गॅरेजवर आली नाही. त्यानंही का म्हणून विचारलं नाही. नांदेडला जाऊन क्लॅम्प घेऊन आला.

दार ठोकूनठाकून कसंबसं लावून शेषेराव लग्नाला गेले आणि तिथं त्यांनी ही गंमत चवीनं सांगितली असणार. जळकोटला दिलेल्या सरजाबाईच्या बहिणीपर्यंत ती पोचली. खरंच तुझा हात सरकला का, हे विचारायला बहिणीचा फोन आला तेव्हा लिंबाजी जेवत होता.

"हाव, तसं म्हणतेत," एवढंच सरजाबाई फोनवर म्हणाली. लिंबाजी ताट अर्धं टाकून उठला.

वर्षं गेली. क्लॅम्प तसे गुणाचे. दमत नाहीत, चहा मागत नाहीत. पण पत्रा सरकला तर सांगतही नाहीत. सगळं निवल्यावर कळतं. लिंबाजी एकटाच काम करताना सवयीनं "मीट" म्हणायचा आणि कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून इकडंतिकडं बघायचा. रोज घराकडं जाताना ठरवायचा, आज सांगून टाकायचं. घरी ती ताट वाढायची, तो जेवायचा, आणि ते राहून जायचं. तिकडं सरजाबाईची बोटं वातानं आखडत गेली.

परवा तीच जीप पुन्हा आली, दाराखालचं तेच ठिगळ गंजलं म्हणून. शेषेराव आता काठी टेकत उतरले, पण जीभ तशीच होती.

"मिस्त्री, बाई न्हाई ना आज? न्हाईतर पुन्हा हात सरकायचा!"

सांगायचं वाक्य लिंबाजीच्या ओठांवर आलं होतं. आणि तो हसला. "न्हाई मालक, आता क्लॅम्प हायत."

त्या दिवशी लावलेला जुना पत्रा कापून निघाला तेव्हा त्यानं तो उलटासुलटा करून पाहिला. सरजाबाईनं धरलेली कड रेघेसारखी सरळ होती. वाकली होती ती त्याच्या घाईची कड. त्यानं नवा पत्रा निवू देत देत टाके मारले. दार एका हातानं लागलं. शेषेराव खूश होऊन गेले.

संध्याकाळी सरजाबाई सुपात डाळ निवडत बसली होती. लिंबाजी तिच्यासमोर टेकला.

"त्या दिवशी तुझा हात सरकला नव्हता. मीच जाळलं पत्र्याला."

"मला ठाऊक हाय की. हात माझाच होता."

"मग बोलली का न्हाई?"

"तुमी बोलाल म्हणून वाट बघून राहिले."

लिंबाजी तिच्याकडं सरकला. "उद्यापासून ये गॅरेजवर. काच घेतो तुला."

तिनं वाकडी झालेली बोटं पुढं केली. "ह्यानं? खडा निघंना ह्यानं डाळीतला." मग तिनं विचारलं, "शेषेरावला सांगितलं का?"

"न्हाई."

"जीप हाय का अजून?"

"गेली. दुपारीच गेली."

सरजाबाईनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"मग तुमी मला कशाला सांगून राहिले," ती म्हणाली. "मला तर ठाऊकच होतं."