जेवणाच्या सुट्टीपर्यंत
शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की साताऱ्यातला तो कपड्यांचा कारखाना आठवतो. मोबाईल कपाटात ठेवायचे आणि जेवणाच्या सुट्टीतच काढायचे, असा तिथला नियम होता. एकदा कपाटांजवळ पाणी प्यायला गेले, तर माझ्या शेजारच्या मशीनवर बसणारीच्या कपाटात फोन सारखा थरथरत होता. मी तिला सांगितलं. पाटणला तिची आई एकटीच असायची. "आवं साहेब, एकदा बघून येऊ का?" तिनं विचारलं. "सुट्टी होऊ दे की," सुपरवायझर शांतपणे म्हणाला. ती कॉलर शिवत राहिली. सुट्टीत न जेवता ती फोन लावत होती. "आई उचलत न्हाई गं," म्हणाली, आणि बेल झाली तशी सवयीनं मशीनवर येऊन बसली. आई परसात पडून वारली होती, फोन मुठीतच होता, हे संध्याकाळी कळलं. अजूनही कुणाला फोन लावला की पलीकडून आवाज येईपर्यंत मी हातातलं काम थांबवते.